आश्रमशाळेतल्या मुलांना इंजिनीअरिंगला पाठवायचं तर अकरावीपासून काय करायचं

धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतल्या विज्ञानशिक्षकांचा प्रश्न आहे. अकरावीत सात मुलंमुली हुशार आहेत. बहुतेक पावरा आणि भिल कुटुंबांतली, घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच पिढी. सगळ्यांना इंजिनीअर व्हायचं आहे. बारावीच्या निकालानंतर त्यांना नेमकी काय मदत करायची?

निकालाची वाट पाहू नका. तोवर निम्मी मदत करण्याची वेळ टळून गेलेली असते. आदिवासी विद्यार्थी या वाटेवर गळतात ते मुख्यतः तीन ठिकाणी: व्हॅलिडिटी (जमातीच्या दाखल्याचं वैधता प्रमाणपत्र) वेळेत हातात नसते तेव्हा, पहिल्या वर्षाच्या गणितात, आणि शिष्यवृत्ती जमा होण्याआधीच्या पहिल्या सहा महिन्यांत. प्रवेश परीक्षा हाही अडथळा आहेच, पण राज्यात ७ टक्के आणि केंद्रीय संस्थांत ७.५ टक्के जागा राखीव असल्याने तो या तिन्हींपेक्षा सोपा आहे. शाळांची सगळी ताकद मात्र त्या एकाच ठिकाणी लागते. तुमचं काम अकरावीच्या पहिल्या सत्रात सुरू होतं आणि इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या सेमिस्टरचा निकाल लागला की संपतं, असं धरून चला.

व्हॅलिडिटी

प्रांत कार्यालयातून मिळतो तो जमातीचा दाखला. व्यावसायिक अभ्यासक्रमात राज्याच्या राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर त्या दाखल्याची पडताळणी होऊन वैधता प्रमाणपत्र मिळालेलं असावं लागतं. हे काम आदिवासी विकास विभागाच्या अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीकडे असतं. सामाजिक न्याय विभागाची जिल्हा जात पडताळणी समिती वेगळी, ती इतर प्रवर्गांसाठी आहे. चुकीच्या समितीकडे फाइल गेली की दोन-तीन महिने सहज जातात. सेवा केंद्रावर कोणी नॉन-क्रीमी लेअर मागितलं तर ते अनुसूचित जमातीला लागत नाही, त्यावर पैसे आणि दिवस घालवू नका.

अकरावी-बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला कनिष्ठ महाविद्यालयामार्फत हा अर्ज करता येतो. अर्ज ऑनलाइन भरून मूळ कागदांच्या प्रती प्राचार्यांच्या पत्रासह समितीकडे जातात. अकरावीच्या दिवाळीपूर्वी अर्ज गेला तर समितीने त्रुटी काढली तरी ती भरायला दीड वर्ष हातात राहतं. बारावीच्या मार्चमध्ये गेला तर त्रुटीचं पत्र कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीच्या ऐन मध्यावर येतं. काही वर्षी शासनाने व्हॅलिडिटी सादर करायला मुदतवाढ दिली आहे, पण ती मिळेलच असं धरून कोणाचा प्रवेश टांगणीला लावू नका.

अर्ज भरण्याआधी दाखल्यावरचं जमातीचं नाव राष्ट्रपतींच्या आदेशातल्या महाराष्ट्राच्या यादीशी अक्षरशः जुळवून पाहा. तुमच्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. यादीत भिल या एकाच नोंदीत तडवी भिल, पावरा, वसावे, भिलाला अशी कितीतरी नावं आहेत. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘पावरा’, वडिलांच्या दाखल्यावर ‘हिंदू भिल’ आणि आजोबांच्या नोंदीत नुसतंच ‘भिल्ल’ असं सर्रास असतं. हे कसं झालं ते एका परिच्छेदात प्रतिज्ञापत्रावर सरळ लिहा. समितीने विचारण्याआधी खुलासा फाइलमध्ये असला की बरीच त्रुटीपत्रं टळतात.

कागदांमध्ये सर्वांत वजन ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदींना असतं, कारण अनुसूचित जमातींचा आदेश त्या तारखेचा आहे. वडील, काका, आत्या, आजोबा, चुलत आजोबा यांच्यापैकी कोणाचाही प्राथमिक शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा, तहसीलच्या अभिलेख कक्षातली जन्ममृत्यूची नोंद म्हणजे कोतवाल बुक किंवा गाव नमुना १४, जुने सातबारा आणि फेरफार, या क्रमाने शोधा. धडगाव भागात अनेक गावं वनगावं होती, जमिनीची मोजणीच उशिरा झाली, आजोबा शाळेत गेलेलेच नाहीत. तिथे जुना कागद न मिळणं स्वाभाविक आहे. अशा वेळी वनहक्क दाव्याच्या फाइलमधले पुरावे, वनखात्याच्या नोंदी, जुन्या मतदार याद्या गोळा करा आणि गावाची पार्श्वभूमी लेखी द्या.

जवळच्या रक्तनात्यात वडिलांकडून कोणाला चौकशीनंतर व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर ती सर्वांत मोठा आधार. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये अपूर्वा निचळे प्रकरणात हे तत्त्व स्पष्ट केलं आहे. म्हणून सातही मुलांच्या वंशावळी एका मोठ्या कागदावर शेजारीशेजारी मांडा, पणजोबांपर्यंत. दोघं-तिघं एकाच भावकीतली निघतात आणि एकाला सापडलेला १९४० च्या दशकातला उतारा इतरांनाही लागू पडतो. हे काम एका रविवारात होतं, आणि त्यासाठी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना शाळेत बोलवा. नावं त्यांनाच माहीत असतात.

कागद कमी पडले तर दक्षता पथकाची चौकशी होते आणि कुटुंबाला चालीरीती, देवदेवता, लग्नविधी, बोली यांबद्दल विचारलं जातं. १९९४ च्या माधुरी पाटील निकालापासून ही पद्धत आहे. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात सांगितलं, की ही आप्तभाव चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही आणि समितीचं कागदांवरून समाधान झालं असेल तर प्रत्येक प्रकरणात दक्षता चौकशीची गरज नाही. शहरात वाढलेल्या किंवा दुसऱ्या पिढीत आश्रमशाळेत राहिलेल्या मुलाला सगळे विधी सांगता येत नाहीत, तेव्हा या निकालाचा उल्लेख अर्जासोबतच्या पत्रात करावा. खोट्या दाव्यांनी आदिवासींच्या जागा वर्षानुवर्षं पळवल्या, म्हणून छाननी कडक झाली. ती असायलाच हवी. पण तिची किंमत खऱ्या आदिवासी मुलाने एका वर्षाने मोजू नये, एवढ्यासाठी ही सगळी आधीची तयारी.

आणखी दोन गोष्टी याच वेळी उरका. आयआयटी, एनआयटीच्या जोसा या संयुक्त प्रवेश प्रक्रियेसाठी केंद्राच्या नमुन्यातला जमातीचा दाखला लागतो, तो राज्याच्या दाखल्याबरोबरच मागून घ्या. दुसरी गोष्ट नावाची. दहावीची गुणपत्रिका, आधार, दाखला आणि बँक पासबुक या चारही ठिकाणी नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का ते तपासा. आधारवर १ जानेवारी ही अंदाजे टाकलेली तारीख फार मुलांची असते. मूल शाळेत असताना शाळेच्या रजिस्टरातली चूक दुरुस्त करणं त्या मानाने सोपं, शाळा सोडल्यावर ते बरंच अवघड होतं.

पालकांच्या सह्या, आधारच्या प्रती, उत्पन्नाच्या दाखल्यासाठीचं स्वयंघोषणापत्र हे सगळं दिवाळीच्या आत घेऊन ठेवा. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. फेब्रुवारीत सही हवी झाली तर फडावर फोन लागत नाही.

परीक्षा आणि जागा

राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे एमएचटी-सीईटीचा, पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गट २०० गुणांचा आहे. त्यात गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, भौतिक आणि रसायन प्रत्येकी ५० प्रश्न १ गुणाचे. गणिताला ९० मिनिटं, बाकी दोन्ही मिळून ९० मिनिटं. उणे गुण नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे मुलांकडून इतक्यांदा करून घ्या की परीक्षेच्या ताणातही विसरणार नाही. अभ्यासक्रम राज्य मंडळाचा, साधारण ८० टक्के भार बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा. बालभारतीचं पुस्तक प्रत्येक उदाहरणासह दोनदा सोडवलेलं मूल महागड्या नोट्स चाळलेल्या मुलाच्या पुढे जातं. गणिताची प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते, भौतिक-रसायन मराठीतही घेता येतं. राखीव प्रवर्गाला पात्रतेसाठी बारावीत पीसीएमला ४० टक्के लागतात, म्हणून सीईटीच्या नादात बोर्डाचा अभ्यास सुटू देऊ नका.

केंद्रीय संस्थांसाठीची जेईई मेन सातही जणांनी भरावी असं माझं मत नाही. ज्यांचं अकरावीचं गणित-भौतिक पक्कं आहे अशा दोघा-तिघांनीच ती भरावी, कारण तिथे उणे गुण आहेत आणि तयारी वेगळी लागते. पण त्यांना मेननंतरच्या, आयआयटी प्रवेशाच्या परीक्षेबद्दल एक गोष्ट नक्की सांगा. जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये अनुसूचित जमातीची पात्रतेची किमान गुणरेषा सर्वसाधारण यादीच्या निम्मी असते. तिच्याखाली राहिलेल्यांसाठी आयआयटीचा एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम आहे, आणि त्याची रेषा त्याच्याही निम्मी असते. तिथे राखीव जागा रिकाम्या राहिल्या तर या यादीतून मुलं घेतात. ते वर्ष आयआयटीत राहून भौतिक, रसायन, गणित, इंग्रजी शिकायचं आणि उत्तीर्ण झालं की पुन्हा जेईई न देता बी.टेक.ला बसायचं. ‘एक वर्ष वाया जाईल’ म्हणून कुटुंबं ही संधी नाकारतात. आश्रमशाळेतून आलेल्या मुलाला त्या वर्षाइतकी उपयोगी दुसरी सोय देशात क्वचितच आहे.

या परीक्षा संगणकावर होतात. ज्याने माऊस कधी धरलेला नाही तो पहिली वीस मिनिटं पडद्याशी झगडण्यात घालवतो. मोबाइलवरच्या सराव चाचण्या इथे पुरेशा नाहीत. खऱ्या संगणकावर, पूर्ण तीन तासांच्या किमान पाच चाचण्या झाल्या पाहिजेत. शाळेत संगणक चालू नसतील तर आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाला पत्र देऊन जवळच्या पॉलिटेक्निकची लॅब दोन रविवार मागा. केंद्र नंदुरबार किंवा धुळ्याला आलं तर आदल्या दिवशी दुपारीच मुलांना तिथल्या शासकीय आदिवासी वसतिगृहात पोहोचवा. पहाटेच्या एसटीने घाट उतरून सकाळच्या सत्राला वेळेवर पोहोचण्याचा धोका पत्करू नका.

कॅपमध्ये पर्याय भरताना बहुतेक मुलं जवळचं किंवा ओळखीच्या कोणी सांगितलेलं खासगी कॉलेज वर टाकतात. हे उलटं करा. मुंबईचं व्हीजेटीआय आणि आयसीटी, पुण्याचं सीओईपी, नांदेडचं एसजीजीएस, मग शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं, अशा क्रमाने जिथे मिळण्याची थोडीही शक्यता आहे ते वर ठेवा. शिकवण्याचा दर्जा, वसतिगृह, वरच्या वर्षांतले आदिवासी विद्यार्थी आणि नोकरीसाठी येणाऱ्या कंपन्या या चारही बाबतीत फरक मोठा आहे. पण भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप गोठतो, असा नियम अलीकडे आहे. नको असलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर ‘बघू तरी’ म्हणून टाकलं की तेच गळ्यात पडतं. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेऊ देऊ नका. त्याला शिष्यवृत्ती मिळत नाही आणि चार वर्षांची फी कुटुंबाच्या अंगावर येते.

शाखेबद्दल एवढंच, की सगळ्यांनी संगणकच घ्यावं हा आग्रह सोडा. सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलला जलसंपदा, बांधकाम, जिल्हा परिषद, महावितरण, महापारेषण यांच्या भरतीत जागा निघतात आणि त्यातही जमातीचं आरक्षण असतं.

गणिताचा पूल

सीईटी मे महिन्यात संपते, कॉलेजं ऑगस्टच्या आसपास सुरू होतात. मधले आठ आठवडे हे या सगळ्या प्रवासातले सर्वांत मोलाचे दिवस आहेत, आणि ते नेहमी रिकामे जातात.

पहिल्या वर्षी आदिवासी मुलं गणित-१ मध्ये अडकतात, तेव्हा प्राध्यापकांना वाटतं की कलन कच्चं आहे. उत्तरपत्रिका नीट पाहिली तर अडचण बहुधा त्याच्या खाली असते: अपूर्णांकांची बेरीज, घातांक, कंस सोडताना चिन्ह बदलणं, लॉगचे नियम. आंशिक विकलनाची रीत मुलाने बरोबर लावलेली असते आणि तिसऱ्या ओळीत उणे चिन्ह हरवलेलं असतं. म्हणून सुरुवातीला आठवी ते दहावीच्या पातळीची ४० प्रश्नांची तासाभराची चाचणी घ्या. २४ पेक्षा कमी बरोबर आले तर पहिले दोन आठवडे फक्त बीजगणित, दुसरं काही नाही. तिथे घाई केली तर पुढचं सगळं पाठांतर होतं.

आठ आठवडे, आठवड्याला पाच दिवस, रोज तीन तास धरले तर १२० तास मिळतात. त्यातले ६० गणिताला द्या: बीजगणित, त्रिकोणमिती, विकलन-संकलनाचा सराव, सारणी (मॅट्रिक्स) आणि संमिश्र संख्या. २४ तास प्रोग्रामिंगला. लॅपटॉप नसला तरी चालेल. सी भाषेतला छोटा लूप कागदावर घ्यायचा, प्रत्येक फेरीला कोणत्या चलाची किंमत काय झाली ते तक्त्यात भरायचं. ज्याला हे कागदावर येतं त्याला संगणकावर दोन दिवसांत येतं. उलट मात्र होत नाही. २० तास इंग्रजी वाचनाला आणि १६ ड्रॉइंगला.

इंग्रजीच्या तासात व्याकरण किंवा भाषणकौशल्य नको. पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकाचं रोज एक पान मोठ्याने वाचायचं आणि आपल्या शब्दांत सांगायचं, पावरीत, भिलीत, मराठीत, जे जमेल त्यात. तांत्रिक शब्द मुलं लवकर उचलतात. अडतात ती ‘सच दॅट’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘निग्लेक्टिंग’, ‘हेन्स’ अशा जोडशब्दांवर, कारण उदाहरणात काय दिलंय आणि काय शोधायचंय ते त्या शब्दांत असतं. असे साठेक शब्द उदाहरणांसह वहीत उतरवून घ्या.

ड्रॉइंगमध्ये वस्तू डोळ्यांसमोर उभी न राहणं ही अडचण असते. कपडे धुण्याच्या साबणाची वडी ब्लेडने कापून पायऱ्या, खाच, उतार असलेले आठ-दहा ठोकळे करा आणि प्रत्येकाचं समोरून, वरून आणि बाजूने दिसणारं चित्र काढायला लावा. पहिल्या कोनातल्या प्रक्षेपात वरचं दृश्य समोरच्या दृश्याखाली येतं, हे ठोकळा हातात फिरवून एकदा कळलं की विसरत नाही.

पैसे

फी हा प्रश्न कागदावर सुटलेला आहे. कॅपमधून प्रवेश घेतलेल्या जमातीच्या विद्यार्थ्याला पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर महाडीबीटी या राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे. आयआयटी-एनआयटीत शिक्षण शुल्क माफ असतं, मेस आणि इतर शुल्क मात्र साधारणपणे भरावं लागतं. प्रवेशाच्या दिवशी कॉलेजने पूर्ण फी मागितली तर शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्याकडून ती घेऊ नये, या शासनाच्या सूचना आहेत हे नम्रपणे पण लेखी सांगा आणि प्रत प्रकल्प अधिकाऱ्यांना द्या. तोंडी वाद घालण्यात मूल एकटं पडतं.

राहण्यासाठी आधी शासकीय आदिवासी वसतिगृहाला अर्ज. तिथे जागा नाही मिळाली तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना, जिच्यात राहण्या-जेवणासाठी रक्कम मिळते. तिचा दर मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार असा आहे. वसतिगृहाचा अर्जच केला नाही तर स्वयमचाही दावा अडचणीत येतो, म्हणून दोन्ही मुदती भिंतीवर लिहून ठेवा.

रक्कम मंजूर होऊनही खात्यात येत नाही, याची कारणं ठरलेली आहेत. खातं आधारशी जोडलेलं असतं, पण थेट लाभासाठीच्या एनपीसीआय या देयक संस्थेच्या नोंदीत दुसऱ्याच बँकेचं जुनं खातं असतं. किंवा खातं दोन वर्षं न वापरल्याने बंद पडलेलं असतं. किंवा ते मर्यादित कागदांवर उघडलेलं लघुखातं असतं, ज्यात शिल्लक एरवी ५० हजारांवर जाऊ शकत नाही, वर्षात एक लाखाहून जास्त जमा होत नाही आणि महिन्याला १० हजारच काढता येतात. बारावीच्या परीक्षेआधी प्रत्येकाचं खातं पूर्ण केवायसी करून घ्या आणि शंभर रुपयांचा एक व्यवहार करून पाहा.

तरीही पहिला हप्ता उशिरा येतो हे गृहीतच धरा. प्रवास, खोली किंवा मेसची अनामत, मिनी ड्राफ्टर, वर्कशॉपचा एप्रन आणि बूट, सायंटिफिक कॅल्क्युलेटर, पुस्तकं आणि तीन महिन्यांचं जेवण मिळून लॅपटॉप वगळता २५ ते ३५ हजार रुपये हातात लागतात. हे पैसे नसल्यामुळे मूल ऑक्टोबरमध्ये गावी परततं आणि नंतर कोणी विचारलं तर ‘जमलं नाही’ एवढंच सांगतं. गावातले नोकरदार आणि माजी विद्यार्थी मिळून एक फिरती गंगाजळी उभी करा, शिष्यवृत्ती आली की परत करायची, व्याज नाही. आकडे आणि तारखा मात्र वहीत काटेकोर लिहा.

पहिलं सेमिस्टर

मुलाला फोन करून ‘बरं चाललंय ना?’ विचारलं की उत्तर ‘हो सर’ हेच येतं. त्याऐवजी दर रविवारी चार ठरलेले प्रश्न विचारा: या आठवड्यात कोणत्या विषयाचं सबमिशन होतं आणि सही झाली का, हजेरी किती टक्के झाली, युनिट टेस्टमध्ये किती पडले, कोणत्या सरांशी किंवा मॅडमशी बोललास. उत्तर आकड्यात हवं. टर्मवर्क (सत्रभराची प्रात्यक्षिकं आणि लेखी काम) अपुरं राहिलं की परीक्षेला बसता येत नाही, हे घरातून पहिल्यांदाच आलेल्या मुलाला कोणी सांगितलेलं नसतं. त्याच कॉलेजातला वरच्या वर्षाचा एक विद्यार्थी तीन-चार जणांमागे जोडून द्या, शक्यतो आदिवासी, पण अभ्यासात नियमित असणं हे जास्त महत्त्वाचं. अमेरिकेत १९७७ साली स्थापन झालेल्या आयसेस या मूलनिवासी शास्त्रज्ञ-अभियंत्यांच्या संस्थेने महाविद्यालयांतल्या शाखांमधून हेच केलं आहे: एकटा पडणारा विद्यार्थी आपल्यातल्या पुढे गेलेल्या माणसाशी जोडला जातो.

कॉलेजातल्या प्राध्यापकांसाठी एक विनंती. जादा तास ‘एससी-एसटी विद्यार्थ्यांसाठी’ या पाटीखाली घेऊ नका. ज्याला गरज आहे तो लाजेने येत नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्या वर्गाची चाचणी घ्या आणि तिच्या गुणांवरून गट करा. हॉस्टेलवर ‘तुझा रँक किती?’ हा प्रश्न चौकशीसाठी विचारला जात नाही, हे मुलांना आधीच सांगून पाठवा. त्याला उत्तर देणं बंधनकारक नाही. टोमणे वाढले तर तारीख, वेळ, शब्द आणि हजर असलेली माणसं लिहून ठेवून समान संधी कक्षाकडे किंवा एससी-एसटी कक्षाकडे लेखी तक्रार करायची आणि पोच घ्यायची. आदिवासी समाजातल्या डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू मे २०१९ मध्ये मुंबईत शिकत असताना झाला आणि त्यांच्या घरच्यांनी छळाची तक्रार केली. तेव्हापासून पालक धास्तावलेले असतात. त्यांना ही व्यवस्था समजावून सांगा, त्यातल्या एका माणसाचं नाव आणि नंबर द्या.

होळी दुसऱ्या सेमिस्टरच्या मध्यावर येते. सातपुड्यातलं मूल भोंगऱ्याला (होळीआधीच्या बाजार-उत्सवाला) आणि होळीला घरी जाणारच, आणि जावंच. ‘जाऊ नकोस’ म्हणण्यात अर्थ नाही, ते न सांगता जाईल. त्याआधीचं सबमिशन पूर्ण करून, परतीचं तिकीट काढून आणि दहा दिवसांऐवजी पाच दिवस, असं ठरवून पाठवा.

तब्येतीची एक बाब तुमच्या जिल्ह्यात टाळून चालणार नाही. नंदुरबारमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण लक्षणीय आहे. सातही जणांची तपासणी झालेली आणि कार्ड सोबत असलं पाहिजे. वाहक असलेल्याला सहसा त्रास नसतो. आजार असलेल्या मुलाला मात्र पाणी कमी पडणं, कडाक्याची थंडी, जागरण आणि ताप यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. वर्कशॉपच्या उकाड्यात पाण्याची बाटली, हिवाळ्यात दोन ब्लँकेट, डॉक्टरांनी दिली असेल तर हायड्रॉक्सीयुरिया नियमित, आणि गृहपालांना आधीच लेखी माहिती. नाहीतर झटक्यात अंथरुणाला खिळलेल्या मुलाला कामचुकार ठरवलं जातं आणि हजेरी कापली जाते.

डिप्लोमा आणि पुढचं

सातपैकी ज्याला बारावी विज्ञान झेपत नाहीये त्याला पॉलिटेक्निकची वाट मोकळी आहे, आणि खालच्या वर्गातल्या मुलांना तर ती आधीच सांगायला हवी. दहावीच्या गुणांवर प्रवेश, तीन वर्षं, एमएसबीटीई या राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाने मराठी-इंग्रजी द्विभाषिक शिक्षणाची सोय केलेली आहे, आणि कनिष्ठ अभियंत्याच्या अनेक पदांना डिप्लोमा चालतो. नंतर थेट दुसऱ्या वर्षी डिग्रीला जाता येतं. फक्त तिथे गणित-३ समोर उभं राहतं आणि गणित-१, २ झालेलं नसतं, म्हणून वर सांगितलेले ६० तास त्या मुलांनाही द्या.

एखाद्या मुलीचा ओढा शुद्ध विज्ञानाकडे असेल तर तिला इंजिनीअरिंगला ढकलू नका. पुण्याची आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आयएटी या स्वतंत्र प्रवेश परीक्षेतून घेते आणि तिथेही जमातीला राखीव जागा आहेत. डिग्रीनंतर गेट ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा दिली तर जमातीच्या उमेदवाराला पात्रता गुण सर्वसाधारणच्या दोन तृतीयांश लागतात, फी निम्मी असते आणि एम.टेक.ला महिना १२,४०० रुपये मिळतात. पीएच.डी.साठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप वर्षाला ७५० जणांना मिळते. परदेशी शिक्षणासाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीत वर्षाला २० जागा आहेत, त्यातल्या ३ कातकरी, कोलाम, माडिया यांच्यासारख्या विशेष असुरक्षित जमातींसाठी. या शिष्यवृत्तीला कुटुंबाचं उत्पन्न ६ लाखांच्या आत आणि डिग्रीला किमान ५५ टक्के लागतात, हे पहिल्या वर्षीच मुलांना माहीत असावं, कारण पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये घसरलेली सरासरी शेवटी भरून काढणं अवघड जातं. ज्यांना तिकडे जायचं आहे त्यांनी पासपोर्ट तिसऱ्या वर्षीच काढावा. आधारवर आश्रमशाळेचा पत्ता आणि राहणं पुण्यात, अशा मुलांची पोलीस पडताळणी महिनोन्‌महिने अडकते.